विश्लेषण : दहा झाडे तोडली, मग उरलेल्या रानाचे काय होते?

सह्याद्रीच्या मालकी रानातून निवडून चार-दहा मोठी झाडे तोडली जातात आणि बाकीचे रान जागेवर राहते. परवान्यात तोडलेल्या झाडांचा आकडा येतो, उपग्रहाच्या नकाशावर डोंगर हिरवाच दिसतो. मात्र उभ्या राहिलेल्या झाडांना बसलेला मार कोणत्याही कागदावर येत नाही. उष्ण कटिबंधातील जंगलांवर जगभर झालेले अभ्यास याच न मोजलेल्या नुकसानीकडे बोट दाखवतात. सातारा आणि सांगलीच्या पश्चिमेकडील डोंगरांसाठी त्याचा अर्थ काय?

निवडक वृक्षतोड म्हणजे काय?

जंगल दोन प्रकारे तोडता येते. एक म्हणजे सरसकट; अख्खे रान साफ करायचे. दुसरे म्हणजे निवडक. ठरावीक जातीची, ठरावीक घेराच्या वरची झाडे काढायची आणि बाकीचे जंगल तसेच ठेवायचे. वनखात्याच्या कार्य आयोजनांमध्ये ही दुसरी पद्धत फार जुनी आहे. कागदावर ती समजूतदार वाटते. जंगल जंगलच राहते, लाकूडही मिळते आणि मोकळ्या झालेल्या जागेत नवी झाडे येतात.

अडचण ‘निवडक’ या शब्दात आहे. तोडणारा रोगट, वाकडे किंवा दाटीतले झाड निवडत नाही. तो सरळ, जाड आणि उंच झाड निवडतो, कारण पैसा तिथे असतो. साधे गणित आहे. उंची तेवढीच ठेवून घेर दुप्पट झाला, की लाकूड चौपट होते. त्यामुळे रानातले सर्वात मोठे, सर्वाधिक बी देणारे आणि सर्वात जास्त सावली धरणारे झाड यादीत पहिले येते.

ॲमेझॉनमध्ये हा प्रकार किती मोठा आहे, याचा हिशेब ग्रेगरी ॲस्नर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. १९९९ ते २००२ या काळात ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या पाच प्रमुख लाकूड उत्पादक राज्यांत दरवर्षी १२,०७५ ते १९,८२३ चौरस किलोमीटर क्षेत्रात निवडक तोड झाली होती. सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,५०० चौ. किमी आणि सांगलीचे सुमारे ८,५०० चौ. किमी. म्हणजे वाईट वर्षात दोन्ही जिल्हे मिळून होईल त्याहून अधिक क्षेत्र. त्याआधीच्या उपग्रह नकाशांत यातले बरेचसे क्षेत्र ‘जंगल शाबूत’ म्हणूनच दिसत होते.

सातारा-सांगलीत हा प्रश्न नेमका कुठे आहे?

कोयना अभयारण्य (४२३.५५ चौ. किमी) आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान (३१७.६७ चौ. किमी) मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत तो पसरला आहे. २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांना पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. संरक्षित क्षेत्राच्या आत लाकडासाठी तोड करता येत नाही.

प्रश्न आहे तो कुंपणाबाहेरचा. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि सांगलीतल्या शिराळा तालुक्यात राखीव वनाला लागून मालकी रान आहे. सातबारावर नाव शेतकऱ्याचे, उतार शेतीच्या कामाचा नाही आणि वरती पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली झाडे. मुलीचे लग्न, घराचे काम, दवाखान्याचा खर्च निघाला की हे रान म्हणजे मोडता येणारी ठेव. ठेकेदार येतो, झाडे पाहतो, उक्ता भाव ठरतो. शेतकऱ्याला लोभी ठरवून यातला कोणताही प्रश्न सुटत नाही.

हे जंगल फार उंचही नाही. जोराचा वारा, चार महिन्यांचा धो-धो पाऊस, आठ महिने कोरडे आणि जांभ्या-बेसाल्टवरची पातळ माती यामुळे महाबळेश्वर-कोयनेच्या माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा अशी ठेंगणी पण दाट झाडी आहे. उतारांवर ऐन, किंजळ, नाणा, बेहडा, आंबा. पुण्यातील संशोधकांनी चांदोलीच्या झाडोऱ्याची नोंद २००८ मध्ये आणि कोयनेची २०१५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली आहे. अशा ठेंगण्या, दाट, एकमेकांना टेकून उभ्या असलेल्या जंगलातून एक मोठे झाड ‘अलगद’ काढणे हे बोलायला सोपे आहे.

झाड पडते तेव्हा काय होते?

एक ढोबळ हिशेब करून पाहू. छातीच्या उंचीवर ६० सेंमी व्यासाचे आणि १८ मीटर उंचीचे झाड धरा. त्याच्या ओल्या खोडाचेच वजन दोन-अडीच टन भरते. गुरुत्वमध्य सात मीटरवर धरला, तर जमिनीवर येईपर्यंत मोकळी होणारी ऊर्जा सुमारे १६५ किलोज्यूल. १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने आदळली तर जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच. हवेचा अडथळा सोडला तर शेंड्याचा वेग पडताना ताशी ८० किलोमीटरपर्यंत जातो. वाटेत जी कोवळी जांभळे, पिसे आणि अंजनी उभी असतात, त्यांच्यावर हा घाव बसतो.

शिवाय झाड एकटे पडत नाही. सह्याद्रीच्या दाट रानात गारंबी, शिकेकाई यांसारख्या लाकडी वेली झाडाझाडांवरून गेलेल्या असतात. गारंबीची हाताहून लांब शेंग अनेकांनी पाहिली असेल. तिचा वेल मांडीएवढा जाड होतो आणि शेंड्यावरून पाच-सात झाडांना एकत्र बांधून ठेवतो. त्यातले एक झाड कापले, की दोरखंड ओढल्यासारखी शेजारची झाडे खेचली जातात. काहींच्या फांद्या उतरतात, काहींचा शेंडा मोडतो, काही मुळासकट येतात.

त्यानंतर लाकूड बाहेर काढण्याचे काम. पूर्वी ओंडके माणसे आणि बैल ओढत. आता ट्रॅक्टर किंवा जेसीबीसाठी वाट काढली जाते. या वाटेवर आलेली रोपे जातात, कडेच्या खोडांची साल सोलली जाते आणि माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. अशा वाटा कित्येक वर्षे भरत नाहीत.

किती नुकसान होते, याचे सर्वाधिक उद्धृत केले जाणारे मोजमाप मलेशियातील सबा प्रांतातले आहे. मिशेल पिनार्ड आणि फ्रान्सिस पुट्झ यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नेहमीच्या पद्धतीने तोड झालेल्या क्षेत्रात ६० सेंमीपेक्षा कमी व्यासाच्या, म्हणजे तोडायच्याच नसलेल्या झाडांपैकी ४१ टक्के झाडांना इजा झाली होती. आखून, काळजीपूर्वक तोड केलेल्या क्षेत्रात हेच प्रमाण १५ टक्के होते. सबातील झाडे अवाढव्य, यंत्रे बुलडोझर, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा पाटणच्या डोंगराला लावता येणार नाही. पण सबात जंगल तेच होते, लाकूडही काढले गेले. फरक पडला तो तोडण्याच्या पद्धतीचा.

जखमी झाड मरते का?

लगेच नाही, आणि म्हणूनच ते कुणाच्या हिशेबात येत नाही.

झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. साल सोलली गेली की आतले लाकूड उघडे पडते. झाड त्या भागाभोवती एक प्रकारची भिंत उभी करून कुजण्याला आत अडवायचा प्रयत्न करते आणि वरून नवे लाकूड चढवते. जखम लहान असेल तर हे जमते. तळाशी, खोडाच्या पाव-अर्ध्या घेरावर साल गेली असेल आणि वर चार महिने पाऊस पडत असेल, तर बुरशी आधी पोहोचते. मागोमाग वाळवी. पाच-दहा वर्षांनी एखाद्या जुलैत ते झाड मोडून पडते. तेव्हा लोक म्हणतात, वाऱ्याने पडले. तोडीशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

शेंडा मोडलेल्या झाडाचे वेगळे. त्याची पाने कमी झालेली असतात, म्हणजे अन्न कमी. आहे ती शिल्लक नवी पालवी काढण्यात जाते. अशा झाडाला फळ-बी धरायला वेळ लागतो. जंगलात ते उभे असते, मोजणीत एक झाड म्हणून येते, पण पुढची पिढी देण्याच्या कामात ते काही वर्षे नसतेच.

(पोकळ झाड वाईटच असते असे मात्र नाही. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन अंडी उबवते. गंमत अशी, की अशी जुनी, जाड झाडेच निवडक तोडीत पहिली जातात. शिल्लक राहतात ती तरणी जखमी झाडे, ज्यांच्यात ढोली व्हायला अजून अनेक दशके लागतील.)

वारा, ऊन आणि वणवा यांचा काय संबंध?

दाट जंगल वाऱ्याला एखाद्या भिंतीसारखे तोंड देते. वारा शेंड्यांवरून सरकून जातो. मध्येच एक मोठे झाड काढले की भिंतीला भोक पडते आणि वारा आत शिरतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दीडपट झाला तर दाब सव्वादोन पट. भोकाच्या कडेची झाडे आयुष्यभर शेजाऱ्यांच्या आडोशाने वाढलेली असतात. त्यांची खोडे उंच व बारीक, मुळे पातळ मातीत पसरलेली. इतका दाब त्यांनी कधी झेललेलाच नसतो. उघड्यावर, एकट्याने वाढलेले झाड पहिल्यापासून वारा सोसत बुंध्याशी जाड होते. रानातल्या झाडाला ती संधी मिळालेली नसते. म्हणून तोडीनंतरच्या पहिल्या काही पावसाळ्यांत कडेची झाडे पडतात, त्यांनी भोक मोठे होते आणि मग त्या नव्या कडेची पाळी येते.

उन्हाचेही तसेच. १८ मीटर उंच आणि आठ मीटर पसाऱ्याचे झाड पडले की सुमारे दीडशे चौरस मीटरची पट्टी मोकळी होते. एका हेक्टरमध्ये ५०० खोडे धरली आणि त्यातली दहा मोठी तोडली, तर कागदावर तोड दोन टक्के. पडझडीच्या पट्ट्या मात्र दहा हजारांपैकी दीड हजार चौरस मीटर, म्हणजे १५ टक्के. या पट्ट्यांमध्ये एप्रिल-मेचे ऊन थेट जमिनीवर येते. सावलीत वाढणाऱ्या सदाहरित जातींची रोपे करपतात, मातीतली ओल उडते. त्यांची जागा घाणेरी, रानमोडी, कारवी आणि गवत घेते.

गवत आले की वणव्याची वाट खुली होते. साताऱ्याच्या सड्यांवर आणि माळांवर फेब्रुवारी ते मे या काळात वणवे लागतात. दाट, ओलसर रानाच्या कडेला आले की ते सहसा विझतात, कारण आत जळायला सुके काही नसते. आत गवताची पट्टी तयार झाली असेल, तर आग तिच्यावरून आत चालत येते. पातळ सालीच्या सदाहरित झाडांना बुंध्याशी लागलेली साधी धगही पुरते.

उरलेल्या झाडांना फायदा होत नाही का?

होतो, आणि निवडक तोडीची बाजू घेणारे त्यावरच बोट ठेवतात. दाटी कमी झाली की उरलेल्या झाडांना ऊन, पाणी आणि जागा अधिक मिळते. त्यांच्या खोडाची वाढ काही वर्षे वेगाने होते, हे जगभर मोजले गेले आहे. पश्चिम घाटातही असे मोजमाप आहे. कर्नाटकात कोडगूच्या पुष्पगिरी परिसरातील उप्पंगळ येथे पुदुच्चेरीची फ्रेंच संस्था १९९० च्या सुमारापासून त्याच झाडांचे घेर पुन:पुन्हा मोजत आहे. तिथे तोड न झालेले आणि पूर्वी निवडक तोड झालेले असे दोन्ही भाग अभ्यासले गेले. असे दीर्घकाळचे मोजमाप साताऱ्याच्या मालकी रानात व्हायला हवे.

पण ही वाढ कुणाची होते, हेही पाहावे लागते. उन्हात झपाट्याने वाढणाऱ्या, हलक्या लाकडाच्या जाती पुढे जातात. जड लाकडाच्या, सावकाश वाढणाऱ्या जाती मागे पडतात. वीस वर्षांनी रान पुन्हा दाट दिसते, मात्र ते पहिले रान नसते.

दुसरी गोष्ट खताची. लाकूड जाते तेव्हा त्याच्याबरोबर झाडाने जमिनीतून उचललेले स्फुरद, म्हणजे फॉस्फरसही जाते. उष्ण कटिबंधातील जुन्या, लोहयुक्त मातीत स्फुरद आधीच कमी उपलब्ध असते, कारण लोहाची संयुगे त्याला बांधून ठेवतात. सबातील जंगलांवरून विमान नेऊन पानांच्या रसायनाचे मापन करणारा केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तोड झालेल्या जंगलात उभ्या असलेल्या झाडांच्या पानांत स्फुरद आणि नत्र कमी आढळले. आपला जांभा हीदेखील लोहयुक्तच माती. उसाला दरवर्षी डीएपी टाकणाऱ्या सांगलीच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. जमिनीतून माल काढत राहिलो आणि परत काही टाकले नाही, तर पुढचे पीक उतरते. रानाला मात्र कुणी खत घालत नाही.

नरक्याचे काय झाले?

निवडक तोडीचे याच डोंगरातले सर्वात बोलके उदाहरण लाकडाचे नाही, औषधाचे आहे. नरक्या किंवा अमृता हे सह्याद्रीतले मध्यम आकाराचे झाड. वास इतका घाण, की नावच तसे पडले. इमारतीला निरुपयोगी. त्यामुळे कुणी त्याच्याकडे पाहत नव्हते.

१९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य वेगळे केले. यातले वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे. १९७२ मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे दाखवले. १९९६ मध्ये या द्रव्यापासून बनवलेल्या टोपोटेकन आणि आयरिनोटेकन या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि दुर्लक्षित झाडाला अचानक भाव आला. एक टन कॅम्प्टोथेसिनसाठी १,००० ते १,५०० टन लाकूड लागते, असा अंदाज शास्त्रीय लेखांत वारंवार दिला जातो. महाबळेश्वर, कोयनेपासून आंबोलीपर्यंतच्या पट्ट्यातून नरक्या तोडून, तुकडे करून, पोत्यांत भरून नेला जाऊ लागला. त्याच्या तस्करीवरील कारवायांच्या बातम्या या पट्ट्यातून आल्या आहेत.

नरक्या जमिनीच्या वर कापला तर त्याला फुटवे येतात. पण द्रव्य मुळांतही भरपूर असल्याने झाड मुळासकट उपटले जाते, तेव्हा फुटण्यासारखे काही उरत नाही. आणि मोठी, फळणारी झाडे गेली की शिल्लक लहान झाडे विखुरलेली राहतात. परागीकरण करणाऱ्या कीटकांना दोन झाडांमधले अंतर वाढते, फळ धरण्याचे प्रमाण घटते, पक्ष्यांकडून पसरणारे बी कमी होते. रान वरून पाहिले तर काहीही बदललेले दिसत नाही.

उपग्रहाला हे का दिसत नाही?

याचे उत्तर मोजण्याच्या पट्टीत आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के वा अधिक असेल तर ती जागा ‘वनाच्छादन’ धरली जाते, मालकी कुणाचीही असो. त्यात १० ते ४० टक्के म्हणजे विरळ, ४० ते ७० टक्के म्हणजे मध्यम घनदाट आणि ७० टक्क्यांच्या पुढे अतिघनदाट.

आता समजा, शिराळ्यातल्या एखाद्या रानाचे छत्र ६९ टक्के होते आणि तोडीनंतर ४१ टक्के झाले. छत्राचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गेला, तरी रान होते त्याच वर्गात, मध्यम घनदाट. जिल्ह्याच्या तक्त्यात बदल शून्य. शिवाय या मोजणीसाठी वापरल्या गेलेल्या लिस-३ प्रतिमांमध्ये एक ठिपका २३.५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे ५५० चौरस मीटरचा असतो. आठ मीटर पसाऱ्याच्या झाडाचे छत्र ५० चौरस मीटर, ठिपक्याच्या एक दशांशाहूनही कमी. मोकळ्या जागेत दोन पावसाळ्यांत कारवी माजली की वरून तेही हिरवेच. वनाच्छादन टिकून असल्याच्या बातम्या वाचताना ही पट्टी लक्षात ठेवलेली बरी.

उताराचे काय?

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गेली. अशा दरडींमागे अतिवृष्टी, खडकाची रचना, उताराचा कोन अशी अनेक कारणे असतात आणि एखादी दरड एखाद्या तोडीमुळेच पडली, असे अभ्यासाशिवाय म्हणता येत नाही. मुळांचे शास्त्र मात्र स्पष्ट आहे. उताराच्या वरच्या एक-दोन मीटर मातीला मुळांची जाळी काँक्रीटमधल्या सळईसारखी धरून ठेवते. झाड तोडल्यावर मुळे लगेच कुजत नाहीत. त्यांची ताकद हळूहळू उतरते. जुनी मुळे कुजलेली आणि नव्या झाडांची मुळे अजून पुरेशी नाहीत, असा कमजोर काळ साधारण तीन ते पंधरा वर्षांच्या दरम्यान येतो. तोड झाली त्या वर्षी काही झाले नाही म्हणून उतार सुरक्षित, हा समज इथे चुकतो. नवजा, पाथरपुंज, महाबळेश्वर ही राज्यातील सर्वाधिक पावसाची ठिकाणे याच पट्ट्यात आहेत.

कायदा काय मोजतो?

मालकी जमिनीवरील तोडीसाठी महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. त्याच्या अनुसूचीत साग, हिरडा, आंबा, जांभूळ, ऐन, किंजळ, फणस अशी झाडे आहेत आणि ती तोडण्यासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. बदल्यात झाड लावण्याची अट घालता येते. वनक्षेत्रासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा गोदावर्मन प्रकरणातील आदेश आहे. मंजूर कार्य आयोजनेशिवाय तोड नाही.

१९६४ चा कायदा झाड मोजतो. कोणत्या जातीची, किती घेराची, किती झाडे, हा त्याचा प्रश्न. झाड कोणत्या दिशेला पाडायचे, वेली आधी तोडल्या का, ओंडके कोणत्या वाटेने काढायचे, बियांसाठी कोणते झाड राखायचे, हे प्रश्न तिथे मुख्य नाहीत. दहा झाडांचा परवाना असलेल्या रानात प्रत्यक्षात ३० झाडे निकामी झाली, तरी नियमभंग झालाच असे नाही. आणि ६० सेंमी जाडीच्या जांभळाच्या बदल्यात गुडघ्याएवढे रोप लावले की हिशेब जुळतो, ही पद्धत कुणालाही पटण्यासारखी नाही.

मग तोडच नको का?

राष्ट्रीय उद्यानात उत्तर सरळ आहे. मालकी रानात ते तसे नाही. तिथे पूर्ण मनाई म्हणजे अनेकदा चोरटी, घाईची आणि रात्रीची तोड, जी उरलेल्या झाडांना सर्वात वाईट. शिवाय निवडक तोड झालेले जंगल म्हणजे संपलेले जंगल, हेही खरे नाही. पुट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये शंभराहून अधिक अभ्यास एकत्र केले, तेव्हा एकदा निवडक तोड झालेल्या उष्ण कटिबंधीय जंगलांत सरासरी ७६ टक्के कार्बन आणि ८५ ते १०० टक्के प्राणी-वनस्पतींच्या जाती टिकून असल्याचे दिसले. उसासाठी किंवा रिसॉर्टसाठी साफ केलेल्या डोंगराशी त्याची तुलना होऊ शकत नाही. मात्र त्याच अभ्यासात दुसऱ्या फेरीत मिळणारे लाकूड जवळपास निम्म्यावर आलेले होते. ठेव मोडली की व्याज घटते, तसेच.

सबात ४१ चे १५ टक्के झाले ते कोणत्याही महागड्या तंत्राने नव्हे. तोडायच्या झाडावरच्या वेली बरेच महिने आधी कापल्या गेल्या, म्हणजे त्या वाळून सुटतात. झाड कोणत्या दिशेला पाडायचे हे खाच घेण्याआधी ठरले. ओढण्याच्या वाटा आधी आखल्या गेल्या. तीव्र उतार वगळले गेले. यातले बहुतेक काम पाटणमधला अनुभवी तोड्या कोयता-करवतीने करू शकतो. त्यासाठी त्याला झाडामागे नव्हे, तर दिवसामागे मजुरी मिळायला हवी, कारण झाडामागे पैसे मिळत असतील तर घाई ही आलीच.

दुसरी वाट झाड न तोडता पैसे मिळण्याची. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर परिसरात पुण्याची एईआरएफ ही संस्था मालकी रानांच्या मालकांबरोबर आणि देवराया असलेल्या गावांबरोबर संवर्धनाचे करार करते. बेहड्याची आणि हिरड्याची फळे ‘फेअरवाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राखाली गोळा करून औषधी चहा आणि आयुर्वेदिक उत्पादनांच्या कंपन्यांना विकली जातात. बेहड्याचे लाकूड हलके. तोडून विकले तर एकदाच थोडके पैसे. उभे ठेवले तर दर हिवाळ्यात फळ, आणि मोठ्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाचे घरटे. अट एकच, फळे गोळा करताना थोडी झाडाखाली सोडायची. कोयना-चांदोलीच्या सातारा-सांगलीकडच्या उतारांवरही बेहडा आणि हिरडा आहेत, आणि हिरड्याचा व्यापार या डोंगरांना नवा नाही.